चौथ्या भागापर्यंत थांबायचं का?

गेल्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले: ‘द एक्स्पान्स’ या अंतराळात घडणाऱ्या विज्ञानमालिकेचा पहिला सीझन रटाळ आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं काही जमत नाही. तेवढ्यावरून पत्रांचा ढीग झाला. त्यातली चार इथे घेतली आहेत. ज्यांना मालिका अजून बघायची आहे त्यांनी सरळ पान उलटावं. कोण मरतं आणि कोणतं जहाज गायब होतं, सगळं पुढे येणार आहे.

प्रश्न : ताई, मी ही मालिका दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या भागात मला झोप लागली. धाकटा भाऊ म्हणतो, ‘चौथ्या भागापर्यंत दम धर, मग बघ.’ करमणुकीसाठी दम कशाला धरायचा? मालिका ज्यांवरून केली ती सगळी पुस्तकं त्याने वाचली आहेत, त्यामुळे तो माझं ऐकूनच घेत नाही. निकाल तुम्हीच द्या.

उत्तर : झोप लागली यात तुमची चूक नाही. पण झोपायला भाग चुकीचा निवडलात.

माझं पोट सबटायटलवर चालतं. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, आणि त्याही सात सेकंदांच्या वर ठेवायच्या नाहीत. वर्षानुवर्षं हेच करत असल्यामुळे ‘संथ’ हा शब्द ऐकला की मी विचारते, संथ म्हणजे नक्की काय? बोलणं कमी आहे, घटना कमी आहेत, की समोर जे चाललंय ते कशासाठी हेच कळत नाही? तिन्हीला आपण एकच शब्द वापरतो आणि मग भांडत बसतो.

आता तुमचा तो दुसरा भाग. पहिल्या भागाच्या शेवटी ‘कँटरबरी’ हे बर्फ वाहणारं जहाज उडवलं गेलंय. पाच माणसं एका छोट्या यानात उरली आहेत. अँटेना मोडलेली, हवा संपत आलेली, मदतीला हाक मारायची सोय नाही. त्यातले काही जण एकमेकांना धड ओळखतही नाहीत, आणि हे सगळं त्यांच्यातल्याच होल्डनमुळे झालं असा बाकीच्यांचा राग आहे. या धाग्यात रटाळ काय आहे? घड्याळ चालू आहे, प्रत्येक मिनिटाला हवा कमी होते आहे. शेवटी मदतीला येतं ते मंगळाचं लढाऊ जहाज, ‘डॉनेजर’, आणि या पाच जणांना वाटतंय की आपलं जहाज मंगळानेच उडवलं.

मी मालिका बघताना वहीत दोन रकाने करते. डावीकडे पडलेला प्रश्न, उजवीकडे तो कुठे सुटला. (घरातले हसतात, हसू देत.) या मालिकेचं ते पान मी पुन्हा काढून बघितलं. डावा रकाना भरलेला, उजवा जवळजवळ कोरा, आणि डावीकडचे प्रश्नही तीन वेगळ्या मालिकांचे असावेत तसे. कँटरबरी कोणी उडवलं? सेरेस या लघुग्रहावरच्या मिलर या पोलिसाला जी मुलगी शोधायची आहे, ती ज्युली माओ गेली कुठे? आणि पृथ्वीवर सरकारातली बडी बाई अवसराला एवढी कोणाच्या मागे लागली आहे? तीन माणसं तीन ठिकाणी, कोणाचा कोणाला पत्ता नाही. होल्डन आणि मिलर पहिल्यांदा समोरासमोर येतात ते आठव्या भागात. सीझन दहा भागांचा आहे, म्हणजे आठ भाग आपण निव्वळ विश्वासावर काढायचे.

आता तुमच्या भावाची बाजू. पहिल्या कादंबरीत, ‘लेव्हायथन वेक्स’मध्ये (२०११), कथा मुख्यतः दोनच माणसांच्या नजरेतून येते: एक प्रकरण होल्डन, एक प्रकरण मिलर. अवसराला त्या पुस्तकात नाहीच! ती दुसऱ्या पुस्तकात येते. मालिकेने तिला थेट पहिल्या भागात आणून बसवलं. बाई जबरदस्त आहे. तिसऱ्या भागात ती आपल्याच जुन्या मित्राला, मंगळावरच्या राजदूताला, गोड बोलून असं वापरते की त्या बिचाऱ्याचं पद जातं. तो प्रसंग मी तीनदा बघितलाय. पण पहिल्या पुस्तकात नसलेल्या या बाईला पहिल्या सीझनभर काम पुरवायचं होतं, आणि ते काम उरलेल्या दोन धाग्यांना लवकर येऊन मिळत नाही. तुमच्या डुलकीचं मूळ मला तिथे दिसतं. अँटेनावर उगाच आळ घेऊ नका. भावाला मात्र हे टोचत नाही, कारण धागे कुठे जुळणार ते त्याला आधीच ठाऊक आहे. नकाशा हातात असलेल्या माणसाने ‘रस्ता लांब नाही गं’ म्हणण्यात काय विशेष?

आणि चौथा भाग. डॉनेजरवर हल्ला झालाय. आपली माणसं एका खोलीत अडकली आहेत, काही दिसत नाही, फक्त हादरे. बोलणं चालू असतानाच एक गोळा भिंतीतून आत येतो, समोरच्या भिंतीतून बाहेर जातो आणि त्या पाचांतल्या शेडचं डोकं जागेवर नसतं. आरडाओरडा नाही, संगीताचा दणका नाही. कोणाला शोक करायलाही फुरसत मिळत नाही, कारण भिंतीला दोन भोकं पडली आहेत आणि हवा बाहेर चालली आहे. आधी भोकं बुजवायची. हा प्रसंग थरारक आहे म्हणून लोक चौथ्या भागाचं नाव घेतात. मला विचाराल तर तो चालतो दुसऱ्या भागाच्या जोरावर. हवा जाणं म्हणजे काय ते तिथे आपल्याला शिकवून झालेलं असतं. तुम्ही नेमका तोच धडा झोपेत काढलात.

तेव्हा निकाल असा: संथ आहे हे तुमचं म्हणणं मान्य, चौथ्या भागापर्यंत थांब हे भावाचं म्हणणंही मान्य. ‘पुस्तकात असं नाही’ हे वाक्य मात्र त्याने घरात पुन्हा उच्चारायचं नाही.

प्रश्न : या मालिकेला वेगाचं काही गणितच नाही. जहाज गुरूपाशी जायला निघतं आणि पुढच्या दृश्यात पोचलेलं असतं. उलट पाचव्या सीझनमध्ये होल्डनची साथीदार नाओमी एकटी एका जहाजात अडकते, तेव्हा ती नुसती इकडून तिकडे जाते-येते आणि आपण बघत बसतो. कापायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते कापलं, असं नाही वाटत?

उत्तर : पहिल्या अर्ध्याला ठाम नाही. दुसऱ्या अर्ध्याला थोडंसं हो.

गणित आहे, आणि ते कागदावर करून बघता येतं. पृथ्वी ते गुरू हे अंतर सतत बदलतं, आपण ७५ कोटी किलोमीटर धरू. या जहाजांना एक कल्पित इंजिन दिलंय, जे थकत नाही. समजा जहाज पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एक तृतीयांश जोराने अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत गेलं, मग उलटं वळून उरलेली वाट तेवढ्याच जोराने वेग कमी करत आलं. हिशोब येतो सुमारे ११ दिवसांचा. आपल्या खऱ्या जगातलं ‘जूनो’ हे यान ऑगस्ट २०११ मध्ये निघालं आणि जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलं, म्हणजे पाच वर्षांना महिनाभर कमी. कल्पित आहे ते इंजिन. ते एकदा मान्य केलं की पुढचं सगळं शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसतं. त्या अकरा दिवसांत जहाजावर काही घडत नसेल तर एका कटमध्ये ते उडवणं हेच शहाणपणाचं.

जिथे कापायचं नाही तिथे मालिका कापत नाही. त्याच ७५ कोटी किलोमीटरवर संदेश पाठवला तर प्रकाशाच्या वेगाने जाऊनही तो ४२ मिनिटांनी पोचतो. उत्तर यायला आणखी तेवढाच वेळ. त्यामुळे यातली दूरची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, पत्र लिहावं तसं रेकॉर्ड करून पाठवतात. समोरचा ‘हं’ म्हणत नाही. बोलणारा बोलून टाकतो आणि मग नुसता बसून राहतो. काहींना हे प्रसंग पाल्हाळ वाटतात. मला ती या मालिकेची सर्वांत खरी दृश्यं वाटतात.

आता नाओमी. तिला पळवून नेणाऱ्या मार्कोच्या जहाजातून ती उडी मारते आणि ‘चेत्झेमोका’ या दुसऱ्या जहाजावर येते. ते जहाज म्हणजे सापळा आहे. तिच्याच आवाजातली खोटी हाक सतत प्रसारित होते आहे, आणि मदतीला कोणी जवळ आलं की स्फोट. जहाजाच्या बऱ्याच भागात हवा नाही. श्वास रोखून ती त्यातून जाते, परत येते, कोसळते, पुन्हा उठते. तिच्या स्वतःच्या तोंडी जवळजवळ वाक्यच नाही, आणि तो खोटा आवाज मात्र वाजतच राहतो. माझ्यासारखीला अशी फाइल आली की पहिल्यांदा आनंद होतो, काम कमी! मग लक्षात येतं की तेच वाक्य पुन्हा पुन्हा टाकायचं आहे, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त भयंकर वाटतं. शेवटी ती काय करते? त्या प्रसारणाला मधेच खीळ घालून त्याचे तुकडे पाडते, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की काहीतरी काळंबेरं आहे. फेऱ्या बघून कंटाळलेल्या माणसालाच ही युक्ती सुटल्यासारखी वाटते, कारण तो आवाज तोपर्यंत त्याच्याही डोक्यात बसलेला असतो.

तरी एक फेरी मी कापली असती. कोणती ते विचारू नका, दर वेळी बघताना मत बदलतं.

प्रश्न : शेवटचा सीझन सहाच भागांचा. त्यातही प्रत्येक वेळी त्या लॅकोनिया ग्रहावरची मुलगी आणि तिचे कुत्रे! त्या गोष्टीचं पुढे काही झालंच नाही. आणि एवढा मोठा खलनायक मार्को, त्याला होल्डनच्या समोर न आणताच संपवून टाकला. आम्हा मित्रांचं एकमत आहे की मालिका गुंडाळली.

उत्तर : तुमच्या मित्रांचं एकमत मोडायला मला आवडेल, पण अर्धंच मोडता येईल.

मार्को आधी. तो जातो कसा? दूरच्या ग्रहांकडे नेणाऱ्या, वेशीसारख्या त्या महाकाय गोल कड्यातून त्याची जहाजं पार होत असताना ती नाहीशी होतात. पाचव्या सीझनच्या अगदी शेवटी मंगळाचं ‘बार्कीथ’ जहाज तिथेच असं गिळलं गेलेलं आपण बघितलंय. नाओमी आकडे लावून ओळखते की थोड्या वेळात फार वस्तुमान आणि ऊर्जा तिथून गेली की असं होतं, आणि तेच ती मुद्दाम घडवून आणते. नियम आधी दाखवला, मग वापरला. मी याला फसवणूक म्हणणार नाही.

समोरासमोरचं म्हणाल तर ती वेळ तिसऱ्या भागातच येऊन जाते. मार्कोचं जहाज टप्प्यात आहे, क्षेपणास्त्र सुटलंय, आणि होल्डनला पडद्यावर नाओमी आणि मार्कोचा मुलगा फिलिप दिसतो. होल्डन गुपचूप ते क्षेपणास्त्र निकामी करतो. याहून मोठा सामना तुम्हाला कुठला हवा होता? पुढे फिलिप बापाचं जहाज सोडून जातो आणि आपलं आडनाव नागाता लावतो, आईचं. नाओमीला यातलं काहीच माहीत नसतं. मार्कोसोबत आपण मुलालाही मारलं असंच ती समजते. घाई झाली असेल तर ती मला इथे दिसते. या एका गोष्टीभोवती आणखी अर्धा भाग हवा होता, ती नुसती बसलेली दिसली असती तरी चाललं असतं.

तो अर्धा भाग गेला कुठे? लॅकोनियावर. कारा नावाची मुलगी, अपघातात गेलेला तिचा भाऊ झान, आणि मेलेल्याला परत आणणारे ते कुत्र्यांसारखे प्राणी. ही ‘स्ट्रेंज डॉग्ज’ या लघुकादंबरीची गोष्ट आहे आणि सुटी बघितली तर सुंदर आहे, कुठेही घाई नाही. पण ती खरी उपयोगी पडते शेवटच्या तीन पुस्तकांना. पुस्तकं एकंदर नऊ, मालिका थांबते सहाव्यावर. दुसऱ्याच्या घराचा पाया आपल्या अंगणात खणून ठेवावा तसं झालं. माझ्या वहीत त्या पानावर डावीकडे ‘झान आता कोण आहे?’ असं लिहिलंय आणि उजवीकडे काही नाही. इथे तुम्ही जिंकलात.

प्रश्न : मालिका संपली. पुस्तकं पहिल्यापासून वाचावीत की थेट सातवं घेतलं तर चालेल?

उत्तर : चालेल, पण पाचवं आणि सहावं तरी आधी वाचा. मालिकेत बरंच बदललंय आणि सातव्यात काही जण भेटतील जे मालिकेच्या हिशोबाने असायलाच नकोत. शिवाय सहाव्यानंतर गोष्ट एकदम तीसेक वर्षं पुढे जाते. पहिल्याच पानांत सगळे म्हातारे झालेले बघून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. झानचं काय झालं ते मात्र तिथे पुढे कळतं. वरच्या पत्रलेखकाच्या मित्रांनाही सांगा.