रजिस्टर मागायला पोलीस आले तर

रजिस्टर दाखवणं वेगळं आणि देऊन टाकणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं कर. मुंबईत आपल्या बंदुका-काडतुसं विकण्याच्या धंद्याचा परवाना पोलीस आयुक्तांच्या हातात. त्यांच्याकडून तपासणीला कोणी आलं, की स्टॉक आणि विक्रीची रजिस्टरं निमूट समोर ठेवायची. तिथे वकिली चालत नाही.

गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस ठाण्यातून कोणी आलं तर मात्र कागद माग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 94 खाली (जुनं सीआरपीसी 91) ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढू शकतो. कोणती बंदूक, कुठला काळ ते वाच आणि तेवढ्याच पानांच्या सही-शिक्क्याच्या प्रती दे. ‘साहेबांचा फोन आलाय’ एवढ्यावर सगळ्या गिऱ्हाइकांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस. मूळ वही जप्त झालीच, तर पंचनाम्यात पानांची संख्या लिहून घे. मी एकदा चहा पाजून वही दिली, पोच घेतली नाही. नूतनीकरणाच्या वेळी घाम फुटला.

आणि काडतुसांची नोंद त्याच दिवशी, गिऱ्हाइकाच्या परवान्यावरच्या आकड्याशी जुळवून. चुकलं तर आडवी रेघ मारून सही. व्हाइटनर दुकानात ठेवूच नकोस.