औषध बांधावर मारलं, मग वहाळातली शिंपल्यांची पिल्लं कुठे गेली?

प्रश्न: मी ठाण्यात कासारवडवलीला राहते. आमची भातशेती मुरबाड तालुक्यात आहे. पावसाच्या तोंडावर बाबा बांधावरच्या गवतावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. शेताखालच्या वहाळात पूर्वी नखाएवढे शिंपले मिळायचे, आता फक्त मोठे, जुने दिसतात. दुकानदार म्हणतो, हे औषध फक्त झाडांवर चालतं. खरं का?

उत्तर: ताई, मोठे आहेत पण लहान नाहीत, ही तुमची नोंद फार मोलाची आहे. मी ठाण्यातल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते, तेव्हा मुलांना वहाळात उतरवून आधी हेच पाहायला लावायची. गोड्या पाण्यातले शिंपले दीर्घायुषी असतात. पिल्लं यायची थांबली तरी म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं दिसत राहतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

दुकानदार अर्धंच खरं बोलतो. ग्लायफोसेट वनस्पतींमधलं जे विकर (एन्झाइम) बंद पाडतं, ते प्राण्यांत नसतं. पण बाटलीत एकटं ग्लायफोसेट नसतं. ते क्षाररूपात असतं, आणि द्रावण पानावर पसरून आत शिरावं म्हणून बऱ्याच औषधांत साबणासारखं सहायक द्रव्य घातलेलं असतं. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या एका जातीच्या शिंपल्यांच्या अळ्या आणि पिल्लं यांवर या सगळ्यांची वेगवेगळी चाचणी घेतली. शुद्ध ग्लायफोसेटने तातडीचा अपाय दिसला नाही. क्षार आणि तयार औषध विषारी ठरलं. सहायक द्रव्य तर सर्वांत घातक: लिटरमागे साधारण अर्ध्या मिलिग्रॅमला निम्म्या अळ्या निकामी झाल्या. आपल्याकडचे लॅमेलिडेन्स शिंपले वेगळे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावणार नाही. पण ‘फक्त झाडांवर चालतं’ हे मला मुळीच मान्य नाही.

मोठा शिंपला पाणी बिघडलं की कवच मिटून काही काळ तग धरतो. अळीला ती सोय नाही. आईच्या कल्ल्यांतून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात तिला माशाचे कल्ले किंवा पर गाठावे लागतात. तिथे वाढून ती सुटी होते आणि गाळात जाते. पहिल्या पावसात बांधावरचं औषध वहाळात आलं आणि नेमक्या तेव्हाच अळ्या पाण्यात असल्या, तर त्या वर्षीची पिढी जाऊ शकते. मासे कमी झाले तरीही तेच. त्यामुळे सगळा दोष औषधावर टाकण्याआधी वहाळात वाळूउपसा होतो का, सांडपाणी येतं का, तेही पाहा.

बाबांना मात्र आजच सांगा: फवारणीचा पंप वहाळात धुवायचा नाही. त्या एका धुण्याने पाण्यात जाणारं औषध पानांवरून ओघळणाऱ्यापेक्षा जास्त असू शकतं. वहाळालगतचा बांध विळ्याने कापा, तिथे औषध नको. आभाळ भरून आलं असेल तर इतरत्रही नको. आणखी एक गोष्ट अनेक शेतकऱ्यांपर्यंत पोचलेलीच नाही: ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला होता. आज नेमका नियम काय आहे, हे दुकानदारालाही विचारा.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठचा गाळ बारीक चाळणीतून धुऊन पाहा. नखाएवढं एखादं पिल्लू सापडलं, तर जागा लिहून ठेवा, त्याला पुन्हा तिथेच सोडा आणि मला जरूर कळवा.