अडलेल्या लढाईबद्दल

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद. तुझा लेख वाचला. ‘युक्रेनमध्ये आघाडी फारशी हलत नाही, म्हणजे दोघंही लवकरच बोलणीला बसतील,’ असं तू लिहिलंयस. इथे माझं तुझ्याशी पटत नाही.

यंत्रमाग कामगारांच्या मजुरीच्या बोलणीत मी बरीच वर्षं बसलोय. एका संपात महिना उलटला, माग बंद, धोट्यांवर धूळ. कामगारांना किराणा उधार मिळेना, मालकांच्या ऑर्डरी हातच्या चालल्या होत्या. तरी पहिला निरोप कुणी धाडेना. आधी बोलेल तो वाकला, असं लोक म्हणतील ही धास्ती. शेवटी तोंड उघडलं ते सणाआधी जुनी थकबाकी चुकती करा, एवढ्यावर. मजुरीचा विषय कितीतरी नंतर आला. युद्धात माणसं मरतात, त्याची संपाशी बरोबरी नाही. पण धास्ती तीच.

कोरियाचं युद्ध नीट वाच. १० जुलै १९५१ ला केसाँगला बोलणी सुरू झाली तेव्हाच आघाडी अडली होती. युद्धविराम झाला २७ जुलै १९५३ ला. मधली दोन वर्षं एकेका टेकडीसाठी माणसं मरत राहिली. घोडं अडलं होतं युद्धकैद्यांवर: ज्यांना मायदेशी परतायचंच नाही, त्यांचं काय करायचं? असे कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवायचा मार्ग भारताने १९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांत मांडला, तेव्हा उत्तर कोरियाच्या बाजूने लढणाऱ्या चीनने तो झिडकारला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला, एप्रिलमध्ये आजारी-जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, मग गाडी हलली. पुढे त्या आयोगाचे अध्यक्ष झाले जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे थोरात. शांतता करार मात्र आजतागायत नाही.

म्हणून नकाशाइतकंच कैद्यांच्या अदलाबदलीकडे लक्ष ठेव. तसंच छोट्या करारांकडेही. युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून जहाजांनी बाहेर जाऊ देण्याचा, जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांनी जुळवलेला करार वर्षभर टिकला. तो का मोडला, हे लेखात यायला हवं.

एक वाक्य फार लागलं: ‘थोडी जमीन सोडली तर काय बिघडतं.’ तिथे राहणाऱ्यांचं उद्या काय होईल, हे लिहिता येत असेल तरच ते ठेव.

रविवारी सकाळी डॉ. कोटणीसांच्या स्मारकापाशी ये. मसुदा घेऊन ये.

तुझा काका