उत्तर: डेमो सर्व्हरवर आयपीव्ही६ चालत नसेल तर आधी /६४ पत्त्यांचा ब्लॉक कसा दिलाय ते विचारा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो. अर्जुनी मोरगावकडच्या कॉलेजच्या पोरांसाठी भाड्याच्या व्हीपीएसवर (होस्टिंग कंपनीचा आभासी सर्व्हर) वायरगार्ड या व्हीपीएनचा डेमो सर्व्हर लावला, व्ही४ (जुने आयपी पत्ते) मस्त चालून राहिलं, सर्व्हरवरून व्ही६ (नवे, लांब पत्ते) पिंगही जातो, पण टनेलमधल्या (व्हीपीएनने जोडलेल्या) लॅपटॉपचं व्ही६ पॅकेट गेलं की उत्तर येतच नाही. दारव्ह्याला आमच्या क्लासमध्ये हेच दुखणं होतं.

कीच्या जोड्या, पोर्ट, अलाउड आयपीमध्ये ::/० (म्हणजे सगळं व्ही६) टाकणं हे तुम्हाला येतंच. फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेटं पुढे पाठवणं) सुरू केलं की लिनक्स राउटर बनतो आणि वरच्या राउटरच्या घोषणा (आरए) ऐकणं सोडतो, म्हणून अ‍ॅक्सेप्ट आरए २ करावं लागतं नाहीतर डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा ठरलेला रस्ता) जातो. पण तुमचा सर्व्हरवरून पिंग जातो म्हणजे ते दुखणं तुमचं नाही.

तुमचं दुखणं बहुतेक /६४, म्हणजे कंपनीने दिलेला व्ही६ पत्त्यांचा ब्लॉक, कसा दिलाय त्यात आहे. /६४ देण्याचे दोन प्रकार. एकात कंपनीचा राउटर अख्खा ब्लॉक तुमच्या सर्व्हरकडे रूट करतो, म्हणजे पोस्टमन गावाची सगळी थैली एकाच घरी देऊन जातो. दुसऱ्यात, म्हणजे ऑन-लिंकमध्ये, तो दर पत्त्यासाठी हाक मारतो की हा कोणाकडे आहे, आणि लॅपटॉपचा पत्ता टनेलच्या पलीकडे असल्यामुळे कोणी ओ देत नाही. बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावा. लॅपटॉपच्या पत्त्यासाठी नेबर सॉलिसिटेशन (हीच ती हाक) येऊन राहिलेत आणि उत्तर जात नाही असं दिसलं की पक्कं समजा.

आमच्या होस्टिंगवाल्यांना (नाव घेत नाही) मी हेच टीसीपीडंपसकट लिहून दिलं होतं. उत्तर काय, तर "सर्व्हरवरून पिंग होतोय, आमच्याकडून व्ही६ बरोबर आहे", आणि तिकीट बंद. परत उघडलं तर नवा माणूस, पुन्हा तेच, वर सर्व्हर रीइन्स्टॉल करा म्हणे! अरे बापा, प्रश्न एका ओळीचा होता, ब्लॉक रूटेड आहे की ऑन-लिंक, त्याचं हो-नाही कोणी सांगेना. पोरं प्रॅक्टिकलसाठी गावावरून एसटीने येऊन बसलेली आणि मी यांच्या मेलची वाट पाहत बसलो, लय राग येतो अजून. म्हणून माझं मत, पैसे भरायच्या आधीच हा प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर नसेल तर ती कंपनी सोडा.

आता घेतलंच असेल तर प्रॉक्सी एनडीपी करा, म्हणजे लॅपटॉपच्या वतीने सर्व्हरच त्या हाकेला ओ देतो. त्याच /६४ मधला /११२ सारखा छोटा तुकडा वायरगार्डला द्या, पोरं थोडी असतील तर पत्ते हाताने प्रॉक्सीत घाला, जास्त असतील तर एनडीपीपीडी (हेच काम आपोआप करणारा प्रोग्राम) चालवा. काही लोक एफडीने सुरू होणारे खाजगी पत्ते देऊन नॅट करा (बाहेर जाताना सर्व्हरचा पत्ता लावा) सांगतील. चालतं, पण डेमोसाठी मला पटत नाही. एक तर आरएफसी ६७२४ च्या (कोणता पत्ता निवडायचा ते ठरवणाऱ्या मानकाच्या) नियमाने व्ही४ आणि असा खाजगी व्ही६ दोन्ही असले तर सहसा व्ही४ च निवडलं जातं, पोरं म्हणतील सर व्ही६ कुठाय. आणि दुसरं, दर यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो हेच तर दाखवायचंय ना!

एक फसवणारी गोष्ट. पोरं जिओच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावतात, तिथे व्ही६ आधीच असतं. टनेलमध्ये फक्त व्ही४ टाकलं तर व्ही६ बाहेरून सरळ जातं आणि तपासणीच्या साइटवर व्ही६ दिसतं म्हणून आपण खूश. दिसलेला पत्ता तुमच्या ब्लॉकमधला आहे का ते पाहा, तेव्हाच खरं माना.

टॉवरच्या नेटवर मोठी पानं अडकली तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२० वरून १२८० करा, त्याखाली नका जाऊ, व्ही६ ला किमान तेवढा लागतोच. आणि फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ (व्ही६ चे निरोप-सूचना) सरसकट बंद करू नका, पॅकेट मोठं आहे हा निरोप त्यातूनच येतो, व्ही६ चे राउटर मधे तुकडे करत नाहीत.

मी काही नेटवर्क इंजिनिअर नाही, क्लास चालवतो, तुमच्या कंपनीचं पॅनेल वेगळं असू शकतं. टीसीपीडंपच्या चार ओळी इथे टाका, पत्ते झाकून, रात्री लाइन असली तर पाहतो.