सव्वीस हजारांचा मदरबोर्ड घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा : मी कराडला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. कॉम्प्युटर २०१९ चा आहे. बी४५० मदरबोर्ड, रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की रात्र जाते. दुकानदाराने एक्स८७० बोर्ड २६,०००, रायझन ५ ७६०० प्रोसेसर १७,००० आणि ३२ जीबी डीडीआर५ रॅम २७,००० असं ७०,००० चं क्वोटेशन दिलंय. ‘बोर्ड भारी घ्या, प्रोसेसर पुढे कधीही बदलता येतो,’ असं तो म्हणतो. बचत ८५,००० आहे, महिन्याचा खर्च २२,०००. तुळशीच्या लग्नापर्यंत कामं थंड असतात. रोख देऊ की बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. निदान या लग्नसराईपुरतं तरी नको.

दुकानदार खोटं बोलत नाही. रायझन बनवणाऱ्या एएमडीने एएम५ सॉकेटला (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, एक्स८७० वर एएम५ असतो) २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठबळ देऊ असं जाहीर केलंय. पण ‘पुढे प्रोसेसर बदलता येईल’ ही सोय तुम्ही २०१९ मध्येच विकत घेतली आहे आणि अजून वापरलेली नाही. तुमचा बी४५० आधीच्या एएम४ सॉकेटचा. बायोस, म्हणजे बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केला की त्यावर रायझन ५००० मालिका चालते. म्हणजे २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५७००एक्ससुद्धा. आजचा तुमचा ३२००जी चार कोरचा, हा आठ कोर आणि सोळा थ्रेडचा, म्हणजे एका वेळी जास्त कामं ओढणारा. दोन्ही ६५ वॉटचे, त्यामुळे एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यालाही, हात लावायला नको. रेंडरच्या कामात तो क्वोटेशनमधल्या ७६०० च्या साधारण बरोबरीचा आहे. याच्यासोबत कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. प्रोसेसरला चौदा-पंधरा आणि कूलरला दोन, असे सतरा हजारांच्या आसपास धरून चला.

आता ते सत्तर हजार कशाचे, ते बघू. बोर्ड स्वतः एकही फ्रेम रेंडर करत नाही. एक्स८७० चे जादा पैसे जातात वेगवान यूएसबी४ आणि पीसीआयई ५.० च्या स्लॉटला, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बसतं त्या नव्या पिढीच्या जागेला. तुमचं १६५० कार्ड पीसीआयई ३.० चं, त्याला या स्लॉटचा काही उपयोग नाही. शिवाय एएम५ वर डीडीआर४ बसतच नाही, म्हणजे चांगली चालणारी रॅम बाजूला ठेवून २७,००० ची नवी घ्यायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हा असा. १३,००० चा बी६५०, म्हणजे एएम५ चाच स्वस्त बोर्ड, घेतला तरी रॅम आणि प्रोसेसर सुटत नाहीत, आकडा ५७,००० वर येऊन थांबतो.

तुमच्या ८५,००० मधून ७०,००० गेले की हातात १५,००० उरतात, एका महिन्याचा खर्चही नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत कामं थंड असतात, हे तुम्हीच लिहिलंय. अशा कमीजास्त कमाईत मी सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १,३२,०००, बाजूला असावा असं सांगतो. तुमच्याकडे आजच चार महिन्यांचाही नाही. ईएमआय घेतला तर महिन्याला ५,८०० च्या वर हप्ता, तोही काम नसलेल्या महिन्यांत. आणि ‘नो-कॉस्ट’ला फार भुलू नका. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक बँका लावतातच, वर रोखीची सूट जाते ती वेगळी.

कर वाचेल म्हणून घ्यायचा विचार असेल, तर कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, पण तो हिशेबाची पुस्तकं ठेवणाऱ्यांना. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्यालाच नफा धरून, रिटर्न भरत असाल तर वेगळा मागता येत नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलातले १८ टक्केही तुमच्याच खिशातून.

बायोसचं काम मात्र घाईत करू नका. बोर्डवर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन बघा, कंपनीच्या साइटवरच्या यादीत ५७००एक्स कोणत्या बायोसपासून चालतो ते तपासा. यादीत नाव नसेल तर हा सल्ला रद्द समजा. अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचा आणि यूपीएसवरच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड तिथेच मेला म्हणा. धास्ती वाटत असेल तर दुकानात चार-पाचशे रुपये देऊन करून घ्या.

बोर्डाची वॉरंटी संपली असणार, हा धोका आहेच. पण उद्या तो गेलाच, तरी एएम४ चा साधा बोर्ड घेऊन हाच प्रोसेसर आणि हीच रॅम त्यावर बसेल. ४के मल्टिकॅमची (एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणाची) कामं नियमित येऊ लागली आणि सहा महिन्यांचा खर्च जमला, की मग बी६५० कडे बघा. तेव्हाही रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) उष्णता काढणारा हीटसिंक एवढंच तपासा. एक्स८७० तेव्हाही नको. इंटेल प्रोसेसरसाठीचा स्वस्तातला एच६१० बोर्ड कोणी सुचवला तर त्यात रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि त्याचा सॉकेट चौदाव्या पिढीवर संपला, २०२४ पासून इंटेलने सॉकेट बदललाय.

जुना ३२००जी विकू नका. त्याचे फार येणारही नाहीत, आणि त्यात ग्राफिक्स आतच आहे, ५७००एक्समध्ये नाही. ऐन सीझनमध्ये ग्राफिक्स कार्ड गेलं तर तोच परत बसवून डिलिव्हरी काढता येईल.