भारतीय इंग्रजीतले कोणते शब्द परदेशी लोकांना गोंधळात टाकतात?

प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन, कझिन ब्रदर, पास्ड आउट, लाख, कोटी. ही यादी कुठेही मिळेल. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, 'हे चुकीचं इंग्रजी आपण कधी सुधारणार?' त्यासाठी लिहायला बसलो.

मी नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीच्या कामात आहे. कागदपत्रं आणि परदेशी खरेदीदारांचे मेल माझ्याकडे असतात. माझे साडू न्यू जर्सीला असतात. एका दिवाळीत नाशिकला गंगापूर रोडच्या घरी त्यांनी माझ्या लॅपटॉपवर 'काइंडली डू द नीडफुल' (कृपया जरूर ते करावं) बघितलं आणि सगळ्या पाहुण्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवलं. वर म्हणाले, "असलं कारकुनी इंग्रजी लिहिता म्हणून तिकडे तुम्हाला कोणी मोजत नाही." माझी मुलं समोर बसली होती.

अहो, 'डू द नीडफुल' साहेबाचंच आहे. त्याच्याकडे जुनं झालं, आपल्याकडे टिकलं. यात चूक कसली? प्रीपोन तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. 'पास आउट' म्हटलं की अमेरिकन माणसाला कोणी बेशुद्ध पडल्यासारखं वाटतं, पण पासिंग आउट परेड ब्रिटिश सैन्यातही होते आणि नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतही.

त्याच हंगामात फेब्रुवारीत रॉटरडॅमला आमच्या कंटेनरमध्ये मणीगळ (घडांतून सुटून पडलेले मणी) निघाली. आम्ही, ब्रिटिश खरेदीदार आणि तिथला डच एजंट, तिघांनी फोनवर बोलायचं ठरलं. खरेदीदारानं वेळ दिली, 'हाफ फाइव्ह, डच टाइम'. इंग्रजाचे ते साडेपाच. डच माणसाच्या भाषेत मात्र 'अर्धा पाच' म्हणजे साडेचार. एजंट साडेचारला फोनवर आला, वाट बघून गेला. इकडे रात्री दहाला, म्हणजे तिकडच्या साडेपाचला, आम्ही ऑफिसात हजर, आणि त्याचा फोन बंद. माल आणखी एक दिवस पडून राहिला. हे अस्सल इंग्रजाच्या इंग्रजीनं झालं! उलट माझं 'लोडिंग प्रीपोन केलं' हे एका खरेदीदाराला कळलं नव्हतं, त्यानं विचारलं, मी एका ओळीत सांगितलं, विषय संपला.

साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, अपवाद आहे. अपवाद कसला? प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. नेमकं उलट. तिथे कोणी कोणाला अडाणी ठरवत नाही.

हां, पैशाचा व्यवहार असेल तिथे हट्ट नको. 10 लाख न लिहिता 1 मिलियन लिहा, स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीनं. तारखेत महिना अक्षरी घाला, कारण 04/03 हा अमेरिकेत 3 एप्रिल होतो. आणि परदेशी पाहुण्याला 'हॉटेलात मिसळ खायला जाऊ' म्हणू नका, त्याच्या लेखी हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा.

'नीडफुल' मात्र मी लिहिणारच. ज्यांना लिहितो त्यांच्यापैकी एकानंही आजवर त्याचा अर्थ विचारलेला नाही.