घड्याळातला आकडा आणि फोडणीतले तेल

प्रश्न : माझे वय ५१ वर्षे असून वजन ६२ किलो आहे. मी रोज पाऊण तास ट्रेडमिलवर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालते. शेवटी ट्रेडमिल २६० कॅलरी दाखवते, तर मनगटावरचे घड्याळ ३४०. एवढ्या खर्ची पडल्या म्हणून न्याहारी थोडी सढळ हाताने घेते. वर्षभरात वजन मात्र जेमतेम एक किलोने उतरले. कोणता आकडा खरा मानावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्हीही मानू नयेत. कागद-पेन्सिल घेतलीत तर याहून भरवशाचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच काढता येईल. (बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते, येथेही तीच धरली आहे.)

प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा लावून व्यक्तीने किती प्राणवायू वापरला हे मोजतात, कारण एक लिटर प्राणवायूमागे शरीर साधारण ५ कॅलरी खर्च करते. अशा मोजमापांवरून निरनिराळ्या हालचालींना ‘मेट’ नावाचा अंक दिलेला आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, आणि तो दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक कॅलरी भरतो. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर चालणे साधारण साडेतीन मेटचे आहे. तुमचे ६२ किलो गुणिले ३.५ गुणिले पाऊण तास, म्हणजे १६३ कॅलरी झाल्या. पण या पाऊण तासात तुम्ही खुर्चीत बसून राहिला असतात तरी ४६ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. त्या वजा केल्यावर चालण्याची निव्वळ कमाई ११६च्या आसपास उरते. फोडणीत १३ ग्रॅम तेल जास्त पडले की ती फिटली, कारण एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात.

यंत्रे फुगवून का सांगतात? अनेक ट्रेडमिल वजन विचारत नाहीत आणि ठरावीक वजन गृहीत धरून गणित करतात. शिवाय बसल्या जागीचा खर्चही त्यात मिळवलेला असतो. दांडी धरून चालण्याची सवय असेल तर अंगाचा काही भार हातांवर जातो, खर्च घटतो आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. घड्याळ मुख्यतः हृदयाचे ठोके आणि हाताची हालचाल यांवरून अंदाज बांधते. ठोके मात्र मे महिन्याच्या उकाड्याने, कडक चहाने किंवा काळजीनेही वाढतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कमी होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील सहा उपकरणांनी ठोके बऱ्यापैकी अचूक मोजले होते, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बरे ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

आमचे गणितही अंदाजच आहे, कारण वय, स्नायूंचे प्रमाण आणि चालण्याची ढब यांनुसार ते थोडे इकडेतिकडे होते. तरीही ३४० आणि ११६ यांतली तफावत एवढ्याने भरून निघत नाही. तुमचे वजन कुठे अडले असावे याचा आमचा संशय म्हणूनच त्या सढळ न्याहारीवर आहे. घड्याळ काढून टाकण्याची गरज नाही. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त चाललात की कमी, हे ते ठीक सांगते. खाण्याचा हिशेब मात्र त्याच्या भरवशावर करू नका. आणि खर्च वाढवायचा असेल तर वेळ न वाढवता ट्रेडमिलला ५ टक्के चढ द्या. त्याच वेगाला मेट साडेपाचच्या घरात जातो. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चढावर दांडी धरू नका.

प्रश्न : प्लॅस्टिकचे जाकीट घालून धावल्यास घाम खूप येतो आणि वजन लगेच किलोभर कमी भरते. चरबी जास्त जळते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. काट्यावर घटलेले ते पाणी आहे आणि दोन-तीन तांबे पाणी पोटात गेले की ते परत भरते. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. पाऊणशे किलो वजनाच्या माणसाला तेवढ्या खर्चायला शंभरेक किलोमीटर धावावे लागेल. घाम अंग थंड करतो तो वाळून, आणि जाकीट नेमके ते वाळणेच अडवते. सोलापूरच्या उन्हात हा प्रकार उष्माघातावर जाऊ शकतो, तेव्हा आजपासूनच बंद करा.